शेवळांची भाजी

शेवळांची भाजी हा उत्तर कोकणात, विशेषतः ठाणे, पालघर व रायगड या जिल्ह्यांत, पावसाळ्याच्या तोंडावर केला जाणारा पारंपरिक पदार्थ आहे. सुरणाच्या कुळातील शेवळ या रानवनस्पतीचा न उमललेला फुलोरा आणि काकड या वृक्षाची आंबट-तुरट फळे हे या पदार्थाचे दोन मुख्य घटक होत. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या डोंगराळ भागात ही दोन्ही मिळतात. मे महिन्याच्या अखेरीपासून जूनअखेरपर्यंत तेथील बाजारांत शेवळांच्या जुड्या व काकडांचे वाटे शेजारी शेजारी विक्रीस ठेवलेले दिसतात.

कच्चे किंवा अपुरे शिजलेले शेवळ खाल्ल्यास तोंडाला व घशाला तीव्र खाज सुटते. त्यामुळे या भाजीत आंबटपणाला चवीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व आहे. शेवळ नीट निवडणे, त्याला काकडाचा अथवा दुसरा आंबट रस लावणे आणि ते पुरेसे शिजवणे या तीन गोष्टी पाळल्या, तरच ही वनस्पती खाण्याजोगी होते. हे ज्ञान मुख्यतः रानातून शेवळे गोळा करणाऱ्या आदिवासी स्त्रियांनी आणि घरोघरच्या सुगरणींनी पिढ्यानपिढ्या जपले आहे.

नाव

या वनस्पतीस शेवळ, शेवळा किंवा शेवाळा असे म्हणतात. अनेकवचनी रूप ‘शेवळे’ असे असले, तरी बोलण्यात ‘शेवळं’ हेच रूप रूढ आहे. पाण्यावर वा ओल्या दगडावर वाढणाऱ्या शेवाळाशी या वनस्पतीचा काहीही संबंध नाही. नावांतील साम्यामुळे नवख्या वाचकाचा गोंधळ होण्याचा संभव असतो, म्हणून हा भेद ध्यानात ठेवणे इष्ट आहे. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू (सीकेपी) समाजात या पदार्थास ‘शेवळाची कणी’ असेही म्हणतात. पावसाळ्यात उगवणारे शेवळाचे पान ‘लोत’ या वेगळ्या नावाने ओळखले जाते आणि त्याचीही स्वतंत्र भाजी करतात.

वनस्पती

शेवळ: शेवळाचे शास्त्रीय नाव ॲमॉर्फोफॅलस कम्युटेटस असे असून ते ॲरेसी कुळात मोडते. सुरण याच प्रजातीतील, तर अळू याच कुळातील आहे. शेवळाचा कंद वर्षातील कोरडे महिने जमिनीखाली सुप्तावस्थेत असतो. वळवाच्या सरी पडून जमीन ओली झाली की त्यातून प्रथम फुलोरा वर येतो. पान त्यानंतर उगवते. त्यामुळे शेवळे मिळण्याच्या दिवसांत रानात त्याचे पान दिसत नाही. पाचोळ्यातून वर आलेला जांभळट-तपकिरी कोंब हीच त्याची खूण असते.

हा कोंब म्हणजे प्रत्यक्षात एक संपूर्ण फुलोरा असतो. बाहेरून जांभळट रंगाचे एक आवरण असते आणि त्याच्या आत मांसल दांडा असतो. दांड्याच्या तळाशी स्त्रीपुष्पे, त्यांच्या वरच्या भागात पुंपुष्पे आणि टोकाला फुले नसलेला लांबट, मऊ भाग अशी त्याची रचना असते. फुलोरा उमलल्यावर त्याला कुजलेल्या पदार्थासारखी दुर्गंधी येते. या वासाने आकर्षित झालेल्या कीटकांकडून परागण होते. भाजीसाठी फुलोरा उमलण्यापूर्वीच काढावा लागतो, त्यामुळे शेवळे मिळण्याचा काळ अतिशय थोडा असतो.

काकड: काकडाचे शास्त्रीय नाव गरुगा पिनाटा असे आहे. हा बर्सेरेसी कुळातील पानझडी वृक्ष आहे. हिवाळ्यात त्याची पाने गळतात, वसंतात फुले येतात आणि पावसाळ्याच्या सुमारास हिरवट, गोलसर फळे भाजीसाठी तयार होतात. फळ दिसायला लहान आवळ्यासारखे, चवीला आंबट व तुरट असून त्याच्या आत कठीण बी असते. या वृक्षाचा काकडी या फळभाजीशी संबंध नाही. काकडाचा पाला जनावरांना चारा म्हणून घालतात व लाकूड जळणासाठी वापरतात.

शेवळाचा कोंब आणि काकडाचे फळ एकाच सुमारास, एकाच रानात मिळतात. खाज आणणारी वनस्पती आणि तिच्यावरील उतारा अशी ही जोडी लोकांनी अनुभवातून जुळवलेली आहे.

शहापूर व मुरबाडचा परिसर

शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले तालुके आहेत. शहापूर तालुक्यात माहुलीचा किल्ला, तानसा व भातसा ही धरणे आणि कसाऱ्याच्या घाटापर्यंत पसरलेले वनक्षेत्र आहे. मुरबाड तालुक्याच्या पूर्व सीमेवर माळशेज घाट, नाणेघाट, सिद्धगड आणि गोरखगड यांची रांग आहे. पानझडी जंगल, भरपूर पाऊस आणि पाचोळ्याने झाकलेली उताराची जमीन ही परिस्थिती शेवळाला मानवते.

या भागात ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी इत्यादी आदिवासी जमातींची तसेच कुणबी व आगरी समाजांची वस्ती आहे. भातशेती पावसावर अवलंबून असल्याने जून हा कामाचा आणि टंचाईचाही महिना असतो. राब भाजून तयार झालेल्या जमिनीत पेरणी करावयाची असते, घरातील धान्य सरत आलेले असते आणि परसातील भाज्या अद्याप हाताशी आलेल्या नसतात. वीटभट्ट्यांवर कामास गेलेली कातकरी कुटुंबे याच सुमारास गावी परततात. अशा दिवसांत रानातून फुकट मिळणारी पहिली भाजी म्हणून शेवळांचे महत्त्व मोठे आहे. घरी लागतील तेवढी ठेवून उरलेली विकली की पेरणीच्या तोंडावर थोडे रोख पैसेही हाती येतात.

खाज सुटण्याचे कारण

सुरण, अळू, शेवळ या सर्वांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेट या संयुगाचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. वनस्पती चावली की पेशी फुटून हे स्फटिक जीभ, टाळू व घसा यांच्या नाजूक आवरणात रुततात. त्यामुळे टोचल्यासारखी वेदना, खाज व कधी सूज निर्माण होते. पाने वा कोंब खाणाऱ्या प्राण्यांपासून स्वतःचे रक्षण करण्याची ही वनस्पतीची व्यवस्था आहे. काही वनस्पतींत स्फटिकांबरोबर असणारी प्रथिने या दाहात भर घालतात.

कॅल्शियम ऑक्झलेट साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून शेवळे केवळ पाण्यात उकळून घेणे पुरेसे ठरत नाही. दीर्घकाळ शिजवल्याने दाहक प्रथिने निकामी होतात आणि पाण्यात विरघळू शकणारी ऑक्झलेटे पाण्यात उतरतात, परंतु सुईसारखे स्फटिक शिल्लक राहू शकतात. आंबट रसातील आम्लांमुळे त्यांचा त्रास कमी होतो, असा सार्वत्रिक अनुभव आहे. अळूच्या भाजीत चिंच आणि सुरणाच्या भाजीत आमसूल घालण्याची रीतही याच कारणाने पडली आहे. आंबट आणि आच यांनी मिळून शेवळ खाण्याजोगे होते. त्यांपैकी एकावर विसंबून राहणे योग्य नाही.

शेवळे निवडणे

बाजारात जुडी घेताना कोंब घट्ट मिटलेले, ताठ व ओलसर असल्याची खात्री करावी. उमललेले, काळवंडलेले किंवा दुर्गंधी येणारे कोंब घेऊ नयेत. जुडी दोन दिवसांहून अधिक ठेवल्यास कोंब मऊ पडतात, म्हणून शेवळे आणल्या दिवशी वा दुसऱ्या दिवशी करणे उत्तम.

निवडण्यापूर्वी दोन्ही हातांना गोडे तेल चोळतात. तेलाचा थर असल्याने त्वचेला खाज कमी सुटते. त्यानंतर पुढील क्रमाने शेवळ साफ करतात.

१. बुंध्याकडचा मातीचा, जून भाग कापून टाकावा व कोंब स्वच्छ धुऊन पुसून घ्यावेत.

२. देठाभोवतीची पातळ, कागदासारखी आवरणे सोलून काढावीत.

३. जांभळट आवरण उकलून आतील दांडा मोकळा करावा.

४. दांड्याच्या खालच्या अंगास असलेला पिवळसर, दाणेदार भाग पूर्णपणे कापून टाकावा. हाच भाग लहान लहान फुलांचा असून अनुभवी स्त्रिया सर्वाधिक खाज यालाच असते असे सांगतात. निवडण्यातील ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे.

५. वरचा मऊ भाग, कोवळे आवरण आणि कोवळा देठ बारीक चिरून घ्यावा. आवरण जाड व जून वाटल्यास टाकून द्यावे.

चिरलेली शेवळे लगेच शिजवावयाची नसल्यास त्यांवर थोडा चिंचेचा कोळ चोळून ठेवतात.

साहित्य

पुढील प्रमाण चार माणसांसाठी आहे. शेवळांच्या जुड्यांचा आकार गावोगाव बदलतो, म्हणून काकडांचे प्रमाण चिरलेल्या शेवळांच्या अंदाजाने कमीअधिक करावे.

शेवळे: २ मध्यम जुड्या (निवडून, चिरून सुमारे ३ वाट्या)
काकडे: १२ ते १५
चणाडाळ: अर्धी वाटी, ३ ते ४ तास भिजवलेली
कांदे: २ मध्यम, बारीक चिरलेले
ओले खोबरे: अर्धी वाटी
लसूण: ८ ते १० पाकळ्या
आले: १ इंच
हळद: अर्धा चमचा
घरचा लाल मसाला किंवा तिखट: २ चमचे
गरम मसाला: अर्धा चमचा
तेल: ४ ते ५ मोठे चमचे
मीठ: चवीप्रमाणे
कोथिंबीर

काकडे न मिळाल्यास लिंबाएवढ्या चिंचेचा दाट कोळ किंवा ८ ते १० आमसुले वापरता येतात. आंबट पूर्णपणे वगळून ही भाजी करू नये.

कृती

१. काकडे धुऊन वरवंट्याने ठेचावीत व बिया काढून टाकाव्यात. उरलेला गर २ वाट्या पाणी घालून वाटावा आणि गाळून त्याचा रस वेगळा ठेवावा.

२. जाड बुडाच्या कढईत ३ चमचे तेल तापवून त्यात चिरलेली शेवळे घालावीत. मध्यम आचेवर ती परतावीत. प्रथम त्यांना पाणी सुटते, मग रंग गडद होतो आणि ती आळून निम्म्याहून कमी होतात. यास १० ते १५ मिनिटे लागतात. ही पायरी घाईने उरकू नये.

३. परतलेल्या शेवळांत काकडाचा रस घालून झाकण ठेवावे व मंद आचेवर २० ते २५ मिनिटे शिजू द्यावे. रस आटल्यास गरम पाणी घालावे. आंबट रसाचा परिणाम भांड्यावर होत असल्याने कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे वापरू नये. स्टीलचे अथवा मातीचे भांडे चांगले.

४. दुसऱ्या भांड्यात उरलेले तेल तापवून कांदा तांबूस होईपर्यंत परतावा. आले-लसणाचे वाटण, हळद व मसाला घालून तेल सुटेपर्यंत परतावे.

५. त्यात भिजवलेली चणाडाळ व दीड वाटी गरम पाणी घालून डाळ बोटचेपी होईपर्यंत शिजवावी.

६. शिजलेली शेवळे रसासह डाळीत मिसळावीत. खोबरे भाजून, बारीक वाटून घालावे. मीठ घालून आणखी १० मिनिटे उकळू द्यावे.

७. उतरवण्यापूर्वी अगदी थोडी भाजी निववून जिभेवर ठेवून पाहावी व पाच मिनिटे थांबावे, कारण खाज काही वेळा उशिरा जाणवते. जिभेला चुणचुण वाटल्यास चिंचेचा कोळ वाढवून भाजी आणखी १० ते १५ मिनिटे शिजवावी आणि पुन्हा चाचणी घ्यावी.

८. शेवटी गरम मसाला व कोथिंबीर घालावी.

तयार भाजी गडद तपकिरी, दाटसर रश्शाची असते. तिची चव आंबट-तिखट असून शेवळाचा लुसलुशीत पोत अनेकांना खिम्याची आठवण करून देतो. ती तांदळाच्या भाकरीबरोबर किंवा गरम भाताबरोबर खातात. मुरल्यावर ती अधिक रुचकर लागते, म्हणून काही घरांत रात्री करून दुसऱ्या दिवशी वाढतात.

प्रकार

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर ही भाजी मोजक्या जिनसांत होते. शेवळे, काकडे, मीठ, मिरची व थोडे तेल एवढ्यावर ती शिजवतात. घरात असल्यास वाल, सुकट किंवा जवळा घालतात. खोबऱ्याचे वाटण हा प्रामुख्याने किनाऱ्याकडील व शहरी घरांतील भाग आहे.

सीकेपी व पाठारे प्रभू यांसारख्या समाजांत शेवळांत सोडे, ताजी कोळंबी अथवा मटणाचा खिमा घालण्याची पद्धत आहे. शाकाहारी घरांत चणाडाळ किंवा सोललेले वाल वापरतात. घटक बदलले तरी आंबट रस आणि निवडण्याची पद्धत ही सर्व प्रकारांत समान राहते.

लोत: पावसाचा जोर वाढल्यावर शेवळाच्या कंदातून पान उगवते. त्याच्या कोवळ्या अवस्थेतील भाजीस लोताची भाजी म्हणतात. लोतही खाजरे असल्याने ते बारीक चिरून, चिंच वा काकडे घालून शिजवावे लागते.

सावधगिरी

शेवळे ओळखता येत नसल्यास ती स्वतः रानातून काढून आणू नयेत. पावसाळ्याच्या आरंभी त्याच परिसरात सापकांदा व रानसुरण यांसारख्या त्याच कुळातील इतर वनस्पतीही वर येतात. त्यांपैकी सापकांदा विषारी मानला जातो. जाणकार विक्रेत्यांकडून शेवळे घेणे आणि निवडण्याची रीत त्यांनाच विचारणे हा सुरक्षित मार्ग आहे.

मूतखड्याचा विकार असलेल्यांना ऑक्झलेटयुक्त पदार्थ मर्यादित ठेवण्याचा सल्ला दिला जातो. अशा व्यक्तींनी ही भाजी खाण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. लहान मुलांना प्रथम देताना प्रमाण अल्प ठेवावे.

भाजी खाल्ल्यावर घसा खवखवल्यास आमसूल वा चिंच चघळणे, दही किंवा ताक घेणे हे घरगुती उपाय केले जातात. ओठ, जीभ वा घसा यांना सूज आल्यास, गिळणे किंवा श्वास घेणे अवघड झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता तातडीने डॉक्टरांकडे जावे.

गोळा करणे आणि विक्री

शेवळे गोळा करणे हे बहुतांशी स्त्रियांचे काम आहे. पहाटे रानात जाऊन पाचोळ्यातून वर आलेले कोंब शोधावे लागतात. ते एकाच जागी पुष्कळ सापडत नाहीत, त्यामुळे काही जुड्यांसाठी दूरवर फिरावे लागते. घरी आणून कोंबांची माती झाडून जुड्या बांधतात. शहापूर व मुरबाड येथील बाजारांखेरीज कसारा मार्गावरील लोकलने कल्याण, ठाणे व दादरपर्यंत या जुड्या जातात. मुरबाड तालुक्यात रेल्वे नसल्याने तेथील माल रस्त्याने कल्याणला येतो.

विक्रेत्या स्त्रिया जुडीबरोबर काकडांचा वाटा देतात आणि नवख्या गिऱ्हाइकास पिवळा भाग काढून टाकण्याची आठवण करतात. ही सूचना विक्रीचाच एक भाग समजली पाहिजे. काकडाविना किंवा या माहितीविना शेवळे घरी आली, तर ती घेणाऱ्यास अपाय होण्याचा संभव असतो. शहरातील पुढच्या पिढीत शेवळे मागे पडत आहेत, त्यालाही निवडण्याची किचकट पद्धत आणि एखाद्या वेळी आलेला खाजेचा अनुभव ही कारणे घडतात.

शहापूर तालुका आणि मुरबाड तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. अनुसूचित क्षेत्रांत गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे असावी, अशी तरतूद १९९६ च्या पेसा कायद्यात आहे. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरेने गोळा केले जाणारे गौण वनोपज जमा करणे, वापरणे व विकणे हा वननिवासींचा हक्क म्हणून मान्य केला. कंदमुळे व तत्सम वनस्पतिजन्य वस्तूंचा समावेश त्या कायद्यातील गौण वनोपजाच्या व्याख्येत आहे.

संवर्धन

शेवळाचा खाण्याचा भाग हाच त्याचा फुलोरा असल्याने काढलेल्या प्रत्येक कोंबाबरोबर त्या वर्षीचे फळ व बीज नाहीसे होते. कंद जमिनीत सुरक्षित राहिला आणि पावसाळ्यात त्याला पान फुटू दिले, तर त्या पानाने तयार केलेल्या अन्नावर कंद पुढील वर्षी पुन्हा फुलोरा देऊ शकतो. मात्र रोपांची संख्या वाढण्यासाठी काही कोंब फुलून फळ धरेपर्यंत राहणे आवश्यक असते.

यावरून तोडणीचे काही साधे नियम निघतात. कोंब कंदासह उपटू नये, तो जमिनीलगत कापावा. एका ठिकाणचे सर्व कोंब काढू नयेत. ज्या कंदाचा फुलोरा घेतला, त्याचेच पान लोत म्हणून पुन्हा तोडू नये. घरच्यापुरती तोड होत असे, तोवर हे नियम सहज पाळले जात. शहरी मागणी वाढल्यावर ते जाणीवपूर्वक पाळावे लागतात.

काकडाचा प्रश्न निराळा आहे. शेवळ कंदाच्या रूपाने जमिनीत टिकून राहू शकते, परंतु काकड हा वृक्ष असून तो तोडल्यावर पुन्हा फळे येण्यास अनेक वर्षे लागतात. जळणासाठी तोड, वणवे आणि रस्ते व वसाहतींसाठी मोकळी केली जाणारी जमीन यांमुळे गावाजवळील काकडाची झाडे कमी होतात. जवळचा काकड गेला, की त्याबरोबर शेवळांची जुनी जोडीही तुटते. चिंच वापरून भाजी करता येते, पण काकडाची तुरट चव तिला येत नाही.

महाराष्ट्र शासनाच्या कृषी विभागातर्फे अलीकडच्या काळात ऑगस्ट महिन्याच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवले जातात. त्यांत टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली इत्यादी भाज्यांची ओळख करून दिली जाते. शेवळांचा हंगाम तोवर संपलेला असतो. त्यामुळे त्यांची निवडण्याची व शिजवण्याची रीत प्रत्यक्ष पाहून शिकण्यासाठी जून महिन्यातील स्थानिक बाजार आणि स्वयंपाकघर हीच खरी ठिकाणे आहेत.

इतर देशांतील तत्सम पदार्थ

ऋतूच्या आरंभी रानातील वा साठवणीतील पाल्याला आंबटाची जोड देऊन दाट कालवण करण्याची रीत इतरत्रही आढळते. रशियातील श्ची हे कोबीचे सार त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. हिवाळ्यात ते बहुधा मिठात आंबवलेल्या कोबीचे करतात. वसंतात आंबट चुक्यासारखा पाला आणि खाजकुयलीप्रमाणे अंगाला झोंबणारी नेटल ही रानभाजी घालून हिरवे श्ची करतात. नेटलच्या पानांवरील दाहक केस शिजवल्यावर निरुपद्रवी होतात. तिथे आच पुरेशी ठरते आणि आंबट हे चवीसाठी असते. शेवळांच्या बाबतीत मात्र आंबटावाचून चालत नाही.

शेवळाच्याच प्रजातीतील कोंजॅक या वनस्पतीच्या कंदापासून जपानमध्ये कोन्याकू हा पदार्थ तयार करतात. त्यासाठी कंदाच्या पिठात चुन्याची निवळी किंवा तत्सम अल्कधर्मी पदार्थ मिसळतात. एकाच प्रजातीतील दोन खाजऱ्या वनस्पतींसाठी एका समाजाने आंबट रसाची, तर दुसऱ्याने चुन्याची वाट शोधली. दोन्ही ठिकाणी, वनस्पती ओळखण्याइतकेच ती खाण्याजोगी करण्याचे ज्ञान महत्त्वाचे ठरले आहे.